'टुडे'ची खुर्ची: सकाळच्या बातम्यांच्या अमेरिकी कार्यक्रमाचं परीक्षण

एनबीसी वाहिनीचा 'टुडे' 14 जानेवारी 1952 पासून चालू आहे. सकाळी बातम्या, हवामान, मुलाखती आणि थोड्या गप्पा हा साचा याच कार्यक्रमाने घालून दिला. सिल्वेस्टर 'पॅट' वीव्हर यांची ही कल्पना, आणि जगभरची 'सकाळ'वाली चॅनेलं आजही त्याच वाटेने चालतात. सत्तर वर्षांच्या या कार्यक्रमाचं मूल्यमापन करायचं तर सेट आणि संगीत बाजूला ठेवून सूत्रसंचालकांची यादी समोर घ्यावी. त्यातही कोण किती हुशार होतं यापेक्षा खुर्ची एकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली, ते पाहावं. 'टुडे' वर गेला तो त्यामुळे, आणि आपटला तोही बहुतेक वेळा त्यामुळेच.

आधी पाहण्याची सोय. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत साध्या अँटेनावर चॅनेल 4 फुकट लागतं, सकाळी 7 वाजता. तेव्हा भारतात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार झालेले असतात. कॅलिफोर्नियात सकाळी 7 ला दिसतो तो तीन तासांपूर्वीचा ध्वनिचित्रमुद्रित भाग; मोठी बातमी फुटली तरच त्यात नवा मजकूर घालतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाने ताज्या बातमीसाठी यावर विसंबू नये.

खरा कार्यक्रम 7 ते 9. त्यातही पहिला अर्धा तास सगळ्यात दमदार: ठळक बातम्या, वार्ताहरांशी थेट संवाद, राजकीय मुलाखत. 8 नंतर पाककृती, खरेदी, सिनेमाचे पाहुणे सुरू होतात. दर अर्ध्या तासाच्या शेवटी काही मिनिटं स्थानिक केंद्राकडे जातात. सूत्रसंचालकाची कसोटी या सांध्यांवर लागते. युद्धाच्या बातमीवरून भोपळ्याच्या गोड 'पाय' या पदार्थाकडे वळताना आवाज किती खाली आणायचा, किती थांबायचं, हे टेलिप्रॉम्प्टरवर लिहिलेलं नसतं. प्रेक्षक दात घासत, डबा भरत अर्ध्या कानाने ऐकत असतो; त्याला चेहऱ्याआधी आवाजातला खोटेपणा कळतो.

पहिले सूत्रसंचालक डेव्ह गॅरोवे (1952–61) यांना हे उपजत येत होतं. 49व्या रस्त्यावरच्या काचेच्या दर्शनी जागेतून कार्यक्रम व्हायचा, बाहेर लोक नाकं लावून उभे. समीक्षकांनी सुरुवातीला झोडपलं. 1953 मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी आणला आणि प्रेक्षक व जाहिरातदार दोन्ही वळले. त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणाशी या चिंपांझीची जोड लागल्याने ब्रिटनमध्ये संताप उसळला. बातमी आणि करमणूक यांची सरमिसळ किती महागात पडते, याचा हा पहिला धडा. गॅरोवे जाहिरातीही स्वतः वाचत. त्यांच्यानंतरचे जॉन चॅन्सलर यांनी जाहिराती वाचणार नाही अशी अट घातली. ते चौदा महिनेच टिकले, पण सूत्रसंचालक पत्रकार असावा हा मुद्दा रुजवून गेले. ह्यू डाउन्स (1962–71) यांनी नऊ वर्षं गाडी शांतपणे हाकली.

बारकाईने अभ्यासावा असा काळ त्यांच्या नंतरचा. बार्बरा वॉल्टर्स 1961 मध्ये लेखिका म्हणून आल्या. तेव्हा पडद्यावर बाईला 'टुडे गर्ल' म्हणत आणि हवामान, फॅशन एवढंच तिच्या वाट्याला येई. वॉल्टर्स त्यातून वर आल्या, 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासोबत चीनला गेल्या. पण 1971 मध्ये मुख्य सूत्रसंचालक म्हणून आलेले फ्रँक मॅगी यांनी व्यवस्थापनाकडून एक नियम करून घेतला: महत्त्वाच्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न ते विचारणार, चौथ्यापासून वॉल्टर्स. मुलाखतीची दिशा पहिल्या तीन प्रश्नांतच ठरते, म्हणजे बाईंनी उरलंसुरलं वेचायचं. वॉल्टर्स यांनी पळवाट शोधली. नियम स्टुडिओपुरता होता, म्हणून त्या पाहुण्यांकडे स्वतः जाऊन मुलाखती घेऊ लागल्या, आणि त्यांची पुढची सगळी कीर्ती याच कामावर उभी राहिली. दुसरी गोष्ट त्यांच्या करारातली: मॅगी गेले तर सहसूत्रसंचालकाचं पद वॉल्टर्स यांना, असं कलम होतं. मॅगी जातील असं कोणाच्या मनातही नव्हतं. एप्रिल 1974 मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं आणि कलम लागू झालं. 'टुडे'ची पहिली अधिकृत स्त्री सहसूत्रसंचालक अशी, करारातल्या एका ओळीमुळे मिळाली. दोन वर्षांतच प्रतिस्पर्धी वाहिनी एबीसीने वर्षाला दहा लाख डॉलर देऊन त्यांना नेलं.

1976 मध्ये टॉम ब्रोकॉ आणि जेन पॉली आले; पॉली तेव्हा अवघ्या 25 वर्षांच्या. 1982 मध्ये ब्रोकॉ यांची जागा ब्रायंट गंबल यांनी घेतली, या खुर्चीवरचे पहिले कृष्णवर्णीय सूत्रसंचालक. मुलाखतीची त्यांची तयारी आणि धार आजच्या कोणत्याही सूत्रसंचालकाला मागे टाकेल. मग 1989 मध्ये मोठी चूक झाली. डेबोरा नॉर्व्हिल यांना बातम्या वाचायला आणलं आणि गंबल-पॉली यांच्या शेजारीच बसवलं. एका चौकटीत तिघं दिसू लागले आणि पॉलींना काढणार, हे प्रेक्षकाने न सांगता ओळखलं. पॉली वर्षअखेर गेल्या. नॉर्व्हिल यांचा त्यात दोष नव्हता, पण राग त्यांच्यावर निघाला. एबीसीचा 'गुड मॉर्निंग अमेरिका' पुढे गेला आणि 1991 मध्ये नॉर्व्हिल बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परतल्या नाहीत.

त्यांच्या जागी आलेल्या केटी कुरिक (1991–2006) आणि 1997 पासून गंबल यांच्या खुर्चीवर बसलेले मॅट लाउअर, ही व्यवसायदृष्ट्या सर्वांत यशस्वी जोडी. 1994 मध्ये रस्त्यालगतच्या काचेच्या 'स्टुडिओ 1ए'मुळे काचेबाहेरची गर्दीही परत आली होती. कुरिक यांच्या काळातला एक भाग मात्र सर्वांत वरचा मानावा. पती आतड्याच्या कर्करोगाने गेल्यावर 2000 मध्ये त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) कार्यक्रमात दाखवली. त्यानंतर अमेरिकेत ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी वाढल्याचं वैद्यकीय अभ्यासात नोंदलं गेलं. सकाळच्या कार्यक्रमाचा इतका थेट उपयोग क्वचितच झाला असेल.

डिसेंबर 1995 पासून 'टुडे' प्रेक्षकसंख्येत सलग 852 आठवडे पहिला होता. ती साखळी एप्रिल 2012 मध्ये तुटली. आदल्या वर्षी, कुरिक यांच्या जागी आलेल्या मेरेडिथ व्हिएरा गेल्यावर अ‍ॅन करी यांना बढती मिळाली होती. त्या चौदा वर्षं बातम्या वाचत होत्या, संकटग्रस्त भागांतलं त्यांचं वार्तांकन उत्तम होतं. पण सोफ्यावरच्या हलक्या गप्पांत लाउअर यांच्याशी सूर जुळला नाही. हे काम वेगळं आहे आणि व्यवस्थापनाने ते आधी तपासायला हवं होतं. 28 जून 2012 ला करी यांनी लाउअर यांच्या शेजारी बसून डोळे पुसत निरोप घेतला. इतक्या लोकांसमोर एखाद्याला असं निघायला लावणं क्रूर होतं. प्रेक्षकांनीही ते माफ केलं नाही. नुकसान कार्यक्रमाला आणि लाउअर यांना वर्षानुवर्षं भोगावं लागलं.

29 नोव्हेंबर 2017 ला लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीवरून लाउअर यांना काढल्याची बातमी त्यांच्या सहसूत्रसंचालक सवाना गथ्री यांनी 7 वाजताच, होडा कॉटबी यांना शेजारी घेऊन दिली. काही लपवलं नाही, आवाज कापला तरी वाक्य पूर्ण केलं. पुढच्या काही आठवड्यांत प्रेक्षक उलट वाढले. जानेवारी 2018 मध्ये कॉटबी कायम झाल्या आणि प्रथमच दोन्ही मुख्य खुर्च्यांवर स्त्रिया बसल्या. कॉटबी यांचं जाणंही नेटकं झालं: 26 सप्टेंबर 2024 ला स्वतः जाहीर केलं, नोव्हेंबरात उत्तराधिकारी म्हणून क्रेग मेल्विन यांचं नाव आलं, 10 जानेवारी 2025 ला निरोप आणि 13 तारखेला मेल्विन खुर्चीत. साडेतीन महिन्यांत प्रेक्षकाला सगळा बदल डोळ्यांसमोर दिसला. पॉली आणि करी यांच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं.

उणिवाही आहेत. 8 नंतर वस्तूंच्या सवलतींचे भाग वाढत जातात आणि संपादकीय मजकूर कुठे संपला, विक्री कुठे सुरू झाली, हे अर्ध्या कानाने ऐकणाऱ्याला कळत नाही. चॅन्सलर यांची अट इथे कोणीतरी पुन्हा घालायला हवी. पाहुणा नेटवर्कच्याच मालिकेतला असेल तर प्रश्न फार मऊ होतात. त्यामुळे वेळ कमी असेल तर 7 ते 7.30 पाहावं, हवामानासाठी अल रोकर यांच्यापर्यंत थांबावं आणि टीव्ही बंद करून कामाला लागावं.