कधीही नसलेल्या विमा कंपनीचा शंभर वर्षांचा इतिहास

आमच्या घरच्या मालवाहू पिकअपचा विमा ज्या कंपनीच्या नावाने उतरवला गेला होता, ती कंपनी मुळात अस्तित्वातच नव्हती. अपघातानंतर पॉलिसीच्या पडताळणीसाठी पोलिसांनी पाठवलेले पत्र ‘असा पत्ता नाही’ या शेऱ्यासह परत आले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. वाहनांच्या बनावट पॉलिसी ही काही नवी बाब नाही, पण त्यात बहुधा एखाद्या खऱ्या कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह चोरलेले असते. आमच्या बाबतीत ठगांनी एक आख्खी कंपनी रचली होती आणि तिच्यावर विश्वास बसावा म्हणून तिचा इतिहासही छापून ठेवला होता. तेच माहितीपत्रक आजही आमच्या भागातील वाहनमालकांच्या हातात पडत आहे, असे कानावर आल्याने त्यातला प्रत्येक दावा तपासून इथे मांडत आहे.

पिकअप धाकट्या भावाच्या नावावर आहे आणि तो पिंपळगाव बसवंतहून द्राक्षे आणि टोमॅटो वाशीच्या बाजारात पोहोचवतो. जुनी पॉलिसी संपत आली असताना पीयूसी केंद्राशेजारी टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटाने त्याला गाठले. “दादा, ही आजोबांच्या काळातली कंपनी आहे, सरकारने घेतली होती, आता मालकांना परत मिळाली, म्हणून गिऱ्हाईक जोडायला रेट कमी ठेवलाय,” असे सांगून त्याने दहा हजारांत ‘फुल इन्शुरन्स’ देऊ केला आणि सोबत चकचकीत कागदाचे चार पानी माहितीपत्रक दिले. त्यात लिहिले होते, की कंपनीची स्थापना 1919 साली मुंबईच्या फोर्ट भागात झाली, 1928 पासून ती मोटारींचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा देत आली, 1973 साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 2001 साली ती मूळ संस्थापकांच्या वारसांकडे परत आली.

हा मजकूर लिहिणारा अडाणी नव्हता, कारण त्यातली वर्षे हवेतून काढलेली नाहीत. 1919 साली मुंबईत सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही विमा कंपनी खरोखरच स्थापन केली आणि तिचे मुख्यालय आजही फोर्ट भागातच आहे. ठगांनी तिचे नाव टाळून तिचे साल आणि पत्त्याचा भाग तेवढा उचलला. सक्तीच्या विम्याचा दावा मात्र सरळ खोटा आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेसाठी वाहनमालकाने विमा घेतलाच पाहिजे, ही सक्ती 1939 च्या मोटार वाहन कायद्याने आणली आणि त्या कायद्याचे विम्यासंबंधीचे प्रकरण तर 1 जुलै 1946 पासून लागू झाले. 1928 साली भारतात सक्तीचा मोटार विमा नव्हताच, तर तो देणारी कंपनी कुठून असणार?

त्याहून धूर्त आहे तो राष्ट्रीयीकरणाचा भाग, कारण तो निम्मा खरा आहे. सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने मे 1971 मध्ये ताब्यात घेतले, 1972 मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1973 पासून भारतीय व परदेशी मिळून 107 विमा कंपन्यांचा कारभार चार सरकारी कंपन्यांत सामावला गेला : कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. त्या विलीनीकरणात कितीतरी जुनी नावे कायमची पुसली गेली, आणि नेमका हाच धुरळा या ठगांच्या पथ्यावर पडला, कारण अशी एखादी जुनी कंपनी असेलही, असे ऐकणाऱ्याला सहज वाटते. परंतु विलीन झालेली एकही कंपनी पुढे सुटी करून मूळ मालकांना परत दिली गेलेली नाही. 1999 च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले, 2000 सालापासून खासगी क्षेत्राला दार उघडले आणि जे खासगी विमाकर्ते आले ते नव्याने नोंदणी करून आले. ‘सरकारकडून परत मिळालेली कंपनी’ असे कोणी म्हणाले, तर पुढचे काहीही ऐकून घेण्याची गरज नाही.

इतिहास बाजूला ठेवला तरी एक आकडा पुरेसा होता. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता कोणतीही कंपनी स्वतः ठरवत नाही. तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरतो आणि सर्व कंपन्यांना सारखाच लागू असतो. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार एकूण 7,500 किलोपर्यंत वजनाच्या मालवाहू वाहनाचा केवळ थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता 16,049 रुपये होता आणि कर त्यावर वेगळा. सवलत मिळू शकते ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागावर, कारण 2007 पासून तो दर कंपन्यांना मोकळा केलेला आहे. म्हणजे दहा हजारांत दोन्ही भागांची पॉलिसी देणे सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत उदार कंपनीलाही शक्य नव्हते.

स्वस्त हप्त्याचे आमिष फार जुने आहे. ब्रिटनमध्ये 1963 साली, मूळच्या सिलोनच्या एमिल सावुंड्रा या गृहस्थाने ‘फायर, ऑटो अँड मरीन’ नावाची मोटार विमा कंपनी काढली आणि प्रस्थापित कंपन्यांपेक्षा खूप कमी दरात पॉलिसी विकल्या. 1966 च्या जुलैमध्ये ती कोसळली तेव्हा सुमारे चार लाख वाहनमालक विम्याविना उरले. ती कंपनी निदान रीतसर नोंदलेली होती आणि सावुंड्राला 1968 मध्ये आठ वर्षांची शिक्षा तरी झाली. आमच्याकडे नोंदणीचाही पत्ता नाही. पॉलिसीवर छापलेला नोंदणी क्रमांक प्राधिकरणाच्या यादीत शोधला, तर तो एका आयुर्विमा कंपनीचा निघाला, आणि आयुर्विमा कंपनीला मोटारीचा विमा विकताच येत नाही. असली रचलेली नावे याआधीही सापडली आहेत. 2020 मध्ये ‘डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स’ या नावाने पॉलिसी विकणाऱ्यांना आपण कोणताही परवाना दिलेला नाही, अशी जाहीर सूचना प्राधिकरणाला काढावी लागली होती.

पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की हिरव्या अक्षरांत ‘पॉलिसी चालू आहे’ असे सांगणारे पान उघडत असे. ते पान ठगांनीच बनवलेले असल्याने त्या कोडला काडीचीही किंमत नाही. खरी पडताळणी एम-परिवहन अ‍ॅपवर होते, कारण तिथली विम्याची नोंद विमा कंपन्यांकडून येते. भावाच्या गाडीपुढे तिथे जुन्या पॉलिसीचीच मुदत दिसत राहिली आणि विचारल्यावर “सर्व्हरला वेळ लागतो” हे उत्तर दर वेळी तयार असे. पैसेही कंपनीच्या नावाने गेले नाहीत, एजंटाच्या स्वतःच्या यूपीआय खात्यात गेले.

अपघात सिन्नरच्या पुढे झाला. दुचाकीस्वाराच्या पायाचे हाड मोडले आणि पिकअप ठाण्यात जमा झाली. अपघातग्रस्त वाहनाला विमा नसेल तर नुकसानभरपाईपोटी पुरेसे तारण दिल्याशिवाय ते सोडता येत नाही, असा नियम असल्याने ऐन हंगामात गाडी अडकून पडली. एजंटाविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा आणि त्यासोबत बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला आहे. त्याचे टेबल त्याआधीच उठले होते. विमा लोकपालाकडे जा, असा सल्ला अनेकांनी दिला, पण लोकपाल नोंदणीकृत कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात आणि इथे तक्रार करायला कंपनीच नव्हती.

हीच अडचण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही आहे. खरी पॉलिसी असती आणि चालकाने तिच्या एखाद्या अटीचा भंग केला असता, तरी अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण विमा कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला लावते आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. आमच्या प्रकरणात अर्जदाराच्या वकिलांनी विमा कंपनीचा रकाना रिकामा सोडला असून, प्रतिवादी म्हणून फक्त चालक आणि मालक अशी दोनच नावे आहेत आणि ती दोन्ही माझ्या भावाची आहेत.