अर्ध्या सावलीतली कोलंबाइन : दुसऱ्या बहरानंतर

बियांपासून लावणार असाल तर पहिला हंगाम नुसता पानांचा, हे मनाशी पक्कं करूनच कोलंबाइन या फुलझाडाच्या वाटेला जा. माझ्याकडे फुलं आली ती दुसऱ्या वर्षी. बी ओल्या वाळूत मिसळून ३-४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग मातीवर नुसतं भुरभुरलं. वर माती लोटायची नाही, या बियांना रुजायला उजेड लागतो. रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावून टाकलेलं बरं. मूळ सरळ खोल जातं, नंतर हलवलेलं त्याला खपत नाही.

जागा झाडाखालची, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. उन्हातल्या रोपांना फुलं थोडी जास्त आली, पण पानं लवकर करपली. सावलीतली फुलं जास्त टिकली. गर्द सावलीत मात्र दांडे लांबतात आणि लवंडतात. माती ओलसर हवी, पण पाणी साचलं की मूळ कुजलंच म्हणून समजा.

फूल जवळून बघण्यासारखं आहे. पाचही पाकळ्यांना मागे एकेक पोकळ शेपटी, मध तिच्या अगदी टोकाशी. जिची जीभ तिथवर पोचत नाही ती भुंगेमाशी सरळ शेपटीला बाहेरून भोक पाडते आणि मध पिऊन जाते. परागीभवनाचं काम मात्र बाजूलाच राहतं! माझ्याकडच्या बऱ्याच शेपट्यांना अशी भोकं आहेत.

तक्रार एकच, पानं पोखरणारी अळी. पानावर पांढुरक्या नागमोडी रेघा उमटतात. पान उजेडासमोर धरलं तर रेघेच्या रुंद टोकाला अळीचा ठिपका दिसतो. रोप त्याने मरत नाही, म्हणून फवारणीच्या भानगडीत पडलो नाही. बहर संपल्यावर पानं बुडापासून कापली, नवी कोरी फुटली.

एक रोप साधारण ३-४ वर्षं जगतं, पण शेंगा वाळू दिल्या तर काळं चकचकीत बी आपणच पडून रुजतं. शेजारी दुसऱ्या जाती असतील तर संकर हमखास, त्यामुळे महागड्या जातीचा रंग पुढच्या पिढीत टिकेलच असं नाही. मला ही सरमिसळ आवडते. ठरावीक रंगच हवा असेल तर शेंगा वेळीच खुडा. बी आणि मूळ विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर तसंही खुडलेलं बरं.

उन्हाळा कडक असेल तिथे मात्र हिच्यावर पैसे घालू नका, हे थंड हवेचं झाड आहे.