जुन्या कॉम्प्युटरवर काय टाकायचं: विंडोज ७, विंडोज १० की लिनक्स?

मार्च सरता सरता नागपुरात खिडक्यांना कूलर लागतात आणि त्याच सुमारास मला फोन यायला लागतात. "भाऊ, कॉम्प्युटर सारखा हँग होऊन राहिला. एखाद्या रविवारी येऊन फॉरमॅट मारून दे ना." माझं काही दुकान नाही. नात्यागोत्यातली कामं करतो, मजुरी म्हणून तर्री-पोहे मिळतात. यंदाचा पहिला फोन महालातल्या मामांचा. २०१० साली बर्डीवर असेंबल करून घेतलेलं मशीन: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. बटण दाबून मामा चहा टाकायला जायचे, आणि कप रिकामा झाला तरी डेस्कटॉपवरचे आयकॉन उगवतच असायचे.

असं मशीन समोर आलं की जो तो विचारतो, यात कोणती सिस्टिम चालेल. माझा पहिला सवाल वेगळा असतो: याला प्रिंटर कोणता लावलाय आणि यावर मराठी कशात टाइप होतं? रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते. अडतं ते या दोन गोष्टींपाशी.

त्याहीआधी झाकण उघडा. कूलरच्या हवेतला ओलावा आणि रस्त्यावरची धूळ मिळून प्रोसेसरच्या पंख्याखाली अक्षरशः नमदा तयार होतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो, आणि आपण विंडोजला शिव्या घालतो. रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल मेला की दर वेळी तारीख मागच्या कुठल्या तरी सालात जाते, आणि तारीख चुकली की बँकेपासून जीमेलपर्यंत सगळीकडे 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा फलक लागतो. नुसत्या एका सेलपायी फॉरमॅट झालेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट साधन हार्ड डिस्कची तब्येत सांगतं. तिथे पिवळं किंवा लाल दिसलं, तर त्या डिस्कवर काहीही नव्यानं टाकण्यात राम नाही.

हे सगळं करूनही मशीन रडतच असेल, तर आता निवडीकडे वळू.

पुन्हा विंडोज ७

मन इकडेच ओढतं. सवयीचं आहे, हलकं आहे, जुने ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्राम) निमूट बसतात. २ जीबी रॅमवर विंडोज ७ जितकी मोकळी चालते तितकी विंडोज १० चालत नाही. पण तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमनं २०२३ मध्ये ११० व्या आवृत्तीपासून तिला सोडलं. फायरफॉक्सची ११५ ही तिच्यावर चालणारी शेवटची शाखा.

नव्यानं टाकताना आणखी एक गंमत होते. ताज्या विंडोज ७ मधला इंटरनेट एक्सप्लोरर इतका जुना असतो की आजच्या बहुतेक साइट त्यात उघडतच नाहीत. म्हणजे ब्राउझर उतरवायलाही ब्राउझर नाही! अपडेटचंही तेच. अपडेटवरची जुन्या पद्धतीची डिजिटल सही मायक्रोसॉफ्टनं बंद केल्यामुळे काही पॅच हातानं टाकल्याशिवाय अपडेट सुरूच होत नाहीत. हे सगळं आधी दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हवर घेऊन जावं लागतं.

मी सात आजही टाकून देतो, पण एका अटीवर: नेटची वायर काढून ठेवायची. यावर बँकेचं काम करणार असाल तर मी येणार नाही, स्पष्ट सांगतो. आणि दुकानातून 'ॲक्टिव्हेटर' मारलेली सात आणू नका. त्या ॲक्टिव्हेटरसोबत आणखी काय आत येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

विंडोज १०

दुकानदार बहुधा हीच सुचवतो. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबानं ६४ बिटला २ जीबी रॅम पुरते. कागदावर. फिरत्या हार्ड डिस्कवर दहा टाका आणि टास्क मॅनेजर उघडा: डिस्क १०० टक्के, आणि ती तिथून हलत नाही. दहा टाकायचीच असेल तर ४ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) पाहिजे. एसएसडी जुन्या साटा पोर्टवर (डिस्क जोडायच्या जागेवर) अर्ध्या वेगानं चालली तरी फरक डोळ्यांना दिसतो. ज्याच्याकडे एकाच गोष्टीचे पैसे आहेत त्यानं ते एसएसडीवर घालावेत, सिस्टिम कोणतीही असो.

दहाचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे ही थोड्या दिवसांची सोय झाली. परवान्याचंही नीट बघा. त्याच मशीनवर पूर्वी दहा ॲक्टिव्हेट झालेली असेल तर पुन्हा टाकल्यावर ती आपोआप ओळखली जाते, इन्स्टॉल करताना 'की नाही' म्हणून पुढे जायचं. पण सातच्या स्टिकरवरचा नंबर दहाला चालवायची वाट मायक्रोसॉफ्टनं २०२३ च्या सप्टेंबरात बंद केली.

विंडोज अकराचा विषय इथेच संपवतो. युक्त्या लढवून ती जुन्या मशीनवर चढवणारे आहेत, पण २४एच२ आवृत्तीपासून तिला लागणाऱ्या प्रोसेसरच्या काही सूचना कोअर टू ड्युओत मुळातच नाहीत. सुरूच होत नाही.

लिनक्स

लिनक्स ही विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम. तिचं नाव काढलं की मंडळी दचकतात, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतील म्हणून. मिंट नावाच्या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती दाखवली की म्हणतात, "बाप्पा, हे तर विंडोजच आहे." खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, ऑफिसचं काम करायला लिबरऑफिस, नेटसाठी फायरफॉक्स. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, फुकट. २ जीबीवर उठते, ४ जीबीवर सुखानं राहते. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा हवा. कोअर टू ड्युओ आहे, जुन्या पेंटियम ४ पैकी बरेच नाहीत.

मशीन ३२ बिटचं निघालं तर वाटा अरुंद होतात. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सनं ३२ बिट कधीच सोडलं, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सनंही त्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला. अँटीएक्स नावाची हलकी लिनक्स अजून साथ देते, ५१२ एमबीवरही उभी राहते. पण तिच्यावर यूट्यूब धावेल या भ्रमात राहू नका. सिस्टिम हलकी झाली म्हणून वेबसाइट हलक्या होत नाहीत. गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या सिस्टिमचंही कुणी कुणी विचारतं: ४ जीबी रॅम हवी आणि मशीन २०१० च्या अलीकडचं. तेवढं असेल तर मी सरळ मिंट टाकतो.

लिनक्सचा मला सर्वात आवडणारा गुण म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, डिस्कला हात न लावता. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर छापतोय का, सगळं तपासा. नाही जमलं तर पेन ड्राइव्ह काढून घरी.

प्रिंटरपाशी मात्र थांबा. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या छोट्या लेझर प्रिंटरांना स्वतःची अक्कल कमी असते, बरंचसं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. एचपी १०२० लिनक्सवर चालतो, फक्त एक प्लगइन उतरवावं लागतं. कॅनन २९०० साठी वेगळा कॅप्ट ड्रायव्हर बसवावा लागतो, आणि ते नवख्याचं काम नव्हे. टॅली वापरत असाल तर लिनक्सचा विचार सोडा, तिची लिनक्स आवृत्तीच नाही.

मराठी कशात टाइप होतं?

मामा निवृत्त शिक्षक. मंडळाची स्मरणिका तेच जुळवतात, आयएसएम नावाच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'सुरेख' नावाचा फाँट लावून. वीस वर्षांचे लेख त्या फाँटात आहेत. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्यातली एखादी फाइल उघडा: 'संपादकीय'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर टोप्या घातलेल्या चिन्हांची खिचडी. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीचे हे फाँट मराठी अक्षरं इंग्रजीच्या घरांत बसवायचे, त्यामुळे फाँट गेला की मजकूर असूनही नसल्यासारखा.

तोडगा अर्धाच आहे. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधली टीटीएफ फाइल उचलून मिंटमध्ये टाकली की जुना मजकूर लिबरऑफिसमध्ये दिसतो, छापताही येतो. पण त्यात नवीन ओळ टाइप करता येत नाही, कारण आयएसएमचा कीबोर्ड विंडोजमध्येच राहतो. श्रीलिपी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्याच्या डोंगलचंही (कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीचंही) बघावं लागेल. युनिकोडमध्ये टाइप करणाऱ्यांना ही चिंताच नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही.

मामांना म्हटलं, "मामा, युनिकोड शिकून घ्या."

"तू शिकव, मी शिकतो. पण दिवाळीच्या अंकाला हात लावू नको."

आणि पुसताना

आपल्याकडे एक समज पक्का आहे: सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तरी डी सुरक्षित. विंडोज टाकताना ते खरं ठरतं, फक्त सी निवडला तर. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'पूर्ण डिस्क पुसून टाका' असा सोपा पर्याय असतो, आणि सी-डी हे एकाच डिस्कचे तुकडे आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नंदनवनातल्या आत्याच्या मशीनवर मीच तो पर्याय निवडला. "सगळं डीत आहे, बिनधास्त मार," असं आतेभाऊ मागून म्हणाला होता. फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं साधन चालवून बरेच फोटो परत मिळाले, पण नावं गेलेली. नुसते आकडे असलेल्या हजारो फायली, त्यात ब्राउझरनं साठवलेली जाहिरातींची चित्रंही मिसळलेली. आत्या आणि मी दोन रविवार त्यातून लग्नाचे फोटो निवडत बसलो. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून मी जुनी डिस्क पुसतच नाही. नवी एसएसडी घ्यायची, जुन्या डिस्कची साटा वायर काढायची, एसएसडीवर हवं ते टाकायचं, आणि सगळं झाल्यावर जुनी परत जोडायची. वायरच नाही तर चुकायला जागाच नाही.

मामांकडे तेच केलं. रॅम ४ जीबी केली, एसएसडीवर मिंट एक्सएफसीई, जुन्या डिस्कवर विंडोज ७ जशीच्या तशी, आयएसएमसकट, आणि तिच्यातलं नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद. कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेनूची की दाबायची, बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२, आणि डिस्क निवडायची. मामांच्या बोर्डाला एफ१२ लागते, त्या बटणावर मामींनी लाल टिकली चिकटवली आहे.

दोन दिवसांनी फोन आला: "अरे, दुपारचे चार वाजले अन् विंडोज साडेदहा दाखवून राहिली. सेल तर नवा टाकला ना?" सेलचा दोष नव्हता. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज ती भारतीय वेळ समजून वाचते, बरोबर साडेपाच तासांचा फरक. मिंटमध्ये एक ओळीची आज्ञा दिली की दोघी स्थानिक वेळ धरतात. ती फोनवर सांगून पाहिली, जमली नाही. येत्या रविवारी जातोच आहे.