पाळीचा वर्ग, आमच्या समाजमंदिरातला

फी ५० रुपये, साहित्य त्यातच. श्रावणातले तीन रविवार, दुपारी दोन-दोन तास. मुली नऊ ते चौदा वर्षांच्या. मी धारूर तालुक्यात शिवणकाम करते, माझी मुलगी सहावीत आहे. तिला सोडायला गेले आणि मागं बसून राहिले, ते तिन्ही रविवार.

का पाठवलं ते आधी सांगते. माझ्या जाऊबाईंची गर्भाची पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऑपरेशन केलं आणि त्याच साली त्या पुन्हा उसाच्या फडात मोळ्या उचलायला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातली एक आमच्या घरात आहे. पिशवी केवढी असते, कुठं असते, हे तेव्हा आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरला विचारणार तरी काय?

म्हणून पहिल्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी परातभर कणीक पुढं ठेवली तेव्हा माझा जीव भरून आला. प्रत्येकीनं मुठीएवढी पिशवी केली, दोन बाजूंना नळ्या म्हणून वळकट्या लावल्या, टोकाला बदामाएवढी अंडाशयं. मग ती फ्रॉकवरून आपापल्या पोटावर धरायची. माझ्या पोरीनं बेंबीच्या वर धरली. ताईंनी तिचा हात हळूच खाली सरकवला, पार ओटीपोटापर्यंत. "इथं असते, बाळा." मी पस्तिशीची बाई, मीही मागं बसून पदराआड हात ठेवून पाहिला.

दुसऱ्या रविवारी विचारलं, पाळीत रक्त किती जातं? कुणी म्हणालं तांब्याभर, कुणी म्हणालं बादलीभर. ताईंनी खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण घेतलं, बिटाचं पाणी भरलं आणि तीन टोपणं एका पांढऱ्या फडक्यावर ओतली. फडकं केवढं लाल झालं! सगळ्या दिवसांचं मिळून तीन ते आठ टोपणं, एवढंच असतं, त्याहून जास्त जात असेल तर दाखवायला जायचं. एक मुलगी, तिला पाळी आलेली असावी, उठून पुढं आली आणि गप्पपणे स्वतः तीन टोपणं मोजून ओतली. मग पुन्हा एकदा ओतली. कुणी तिला काही विचारलं नाही, हे मला फार आवडलं.

आता जे खटकलं ते. पाळीचे दिवस मोजायला माळ दिली, ती सगळ्यांना २८ मण्यांची. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत पाळी २१ दिवसांनी येते, ४५ दिवसांनीही येते. ज्या पोरीची पस्तिसाव्या दिवशी येईल ती घाबरून बसेल. मी हे बोलले, तर ताईंनी पुढच्या वेळी सुटे मणी आणले. आपली आपण मोजायची आणि आपली आपण ओवायची.

कापडी पॅड शिवायला शिकवलं ते चांगलं, पण आतला थर टेरिकॉटचा होता. टेरिकॉट ओल शोषत नाही, अंगाला घासतो. आत सुती फ्लॅनेलचे तीन-चार थर घ्या, वर जुनं सुती, पंखांना टिचबटण. डाग आधी थंड पाण्यात, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. आणि वाळवायचं उन्हात, साडीखाली दडपून नाही.

शिवाय नुसतं कापडच चांगलं असं सांगू नये. फडावर धुवायलाच पाणी नसतं. जनऔषधी केंद्रात १ रुपयाला एक पॅड मिळतं, तेही मुलींना माहीत हवं. चार-सहा तासांनी बदलायचं, मग कापड असो की विकतचं.

माझं खरं भांडण तारखेशी आहे. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत ठेवलीय. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आईबापासोबत पोरीही जातात. ज्या घरांत पिशव्या काढल्या गेल्या, त्याच घरांतल्या मुली तेव्हा कारखान्याच्या पालावर असणार. घटस्थापनेच्या आधी एक तुकडी घ्या. शिवणाचा तास मी फुकट घेईन, कापडही माझं, हे ताईंना सांगितलंय.

पाठवणार असाल तर जुनी सुती ओढणी आणि घरची कात्री सोबत द्या, तिथल्या कात्र्या बोथट आहेत. आणि आयांनो, दारातून परत जाऊ नका, मागं बसायला सतरंजी असते.