आबांच्या आठवणीत काय करायचं: समाधी, झाड की बाकडं?

आमचे आबा गेले तेव्हा सावडायच्या दिवशीच विषय निघाला. रक्षा नदीत सोडायची नाही, शेतातच ठेवायची एवढं आधीच ठरलेलं, पण पुढं काय यावर घरात तीन पार्ट्या पडल्या. चुलत्यांना समाधी पाहिजे, भावाला झाड, आणि आत्या म्हणे फाट्यावर बाकडं द्या, एसटीची वाट बघत माणसं टेकतील तरी. दोन वर्षांत तिन्ही थोडं थोडं करून बसलोय, म्हणून ज्यांच्या घरात सध्या हाच वाद चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय.

समाधीचं एक बरं की जागा पक्की होते, अमावास्येला दिवा कुठं लावायचा हे नातवालाही कळतं. टिकण्याचं म्हणाल तर गावोगावच्या देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड बघा, शिलाहार-यादवांच्या काळातले, ऊनपाऊस खात उभे आणि तरी लढाईची चित्रं अजून ओळखू येतात, कारण तो काळा पाषाण आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला तर साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची पण समाधी आहे, ती सुद्धा दगडातच. आता आपण काय करतो, विटा-सिमेंट, वरून बाथरूमच्या टाइल्स, भोवती स्टीलचं रेलिंग आणि डोक्यावर पत्रा. आमच्या शेजारच्या रानात अशी एक आहे, तिसऱ्याच पावसाळ्यात टाइल्स फुगून सुटल्या. संगमरवर उघड्यावर काळवंडतो. आणि वाटण्या झाल्या की ती जागा कुणाच्या हिश्शात यावरून भाऊबंदकी होते ते वेगळंच. करायचीच असेल तर दीड-दोन फुटांचा एकच घडीव दगड घ्या, नाव कोरूनच घ्या, नुसता रंग उन्हानं उडतो. आमच्या पाथरवटानं अक्षरावर पैसे सांगितले, तेव्हा चुलत्यांनीच ‘कैलासवासी’चं ‘कै.’ करून टाकलं.

झाडाच्या बाबतीत मात्र आम्ही माती खाल्ली. सगळी रक्षा एकाच खड्ड्यात ओतली आणि वर केशर आंब्याचं कलम लावलं, महिनाभरात पानांच्या कडा करपायला लागल्या आणि दिवाळीच्या आत कलम वाळलं. आई काही बोलली नाही पण त्या बाजूला जायचीच बंद झाली. नंतर कळलं की राख चुन्यासारखी तिखट असते, वर त्यात क्षार, आणि आमची काळी जमीन आधीच त्या अंगाची, मग कोवळी मुळं टिकणार कुठून. हाडाच्या भुकटीचा झाडाला फायदा होतो पण हळूहळू. तेव्हा दोन-चार मुठीच रक्षा घ्या, भरपूर शेणखत आणि मातीत कालवा, ती पण मुळांना लागून नको, बाकीची रानभर पसरा.

दुसऱ्या खेपेला कडुलिंब लावला, तो लागला. चिंच, जांभूळ पण चालतील. वड-पिंपळ विहिरीजवळ किंवा घराजवळ नको, मुळं बांधकाम फोडतात. गुलमोहर दिसायला झकास पण वाऱ्यात फांद्या मोडतात. पाण्याची बोंब असेल तर पांढरा चाफा, नुसती फांदी खोचली तरी येतो आणि कमी पाण्यावर तगतो, उगाच नाही जुन्या समाध्यांपाशी तोच दिसत. कुठलंही लावा, पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार ते नाव आधी ठरवा. भुजला २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी भुजिया डोंगरावर ४७० एकरांत स्मृतिवन केलंय, २०२२ ला उघडलं, तिथं डोंगरउतारावर पाणी अडवायला बंधारे घातलेत, गेलेल्यांची नावं त्या बंधाऱ्यांच्या भिंतींवर लावलीत आणि तेच पाणी झाडांच्या कामी येतं. कच्छसारख्या कोरड्या मुलखात नुसती झाडं लावून भागलं नसतं.

बाकड्याचं थोडक्यात. देखभाल जवळपास शून्य, अनोळखी माणूसही वापरतो, शेत नसलेल्यांना तर हाच सोपा मार्ग. पण ती जागा आपली नाही, उद्या रस्ता रुंद झाला की बाकडं कुठं जाईल सांगता येत नाही, म्हणून ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या. आणि सावली बघून ठेवा. आमचं आधी उन्हात ठेवलेलं, मे महिन्यात सिमेंट इतकं तापायचं की ‘स्मरणार्थ’वर फक्त पिशव्या बसायच्या. आता करंजाखाली सरकवलंय, आत्या स्वतः तिथंच बसून एसटीची वाट बघते.

मला विचाराल तर गावात बारा महिने राहणारं कुणी असेल तर झाड आणि त्याच्या बुडाशी छोटा दगड, सगळेच पुण्या-मुंबईला असतील तर बाकडं. मोठी बांधीव समाधी मी तरी नाही करणार, चुलते अजून रुसलेत त्यावरून. झाडाचं ठरलं तर खड्डा मे महिन्यातच काढून ठेवा, उन्हानं माती चांगली तापू दे, आणि रोप मृगाच्या पहिल्या सरीला नाही, दोन-तीन दमदार पाऊस होऊन ओल खोलवर गेली की मग लावा.