ॲलन की फ्रिस्को? मूल खेळणारं असेल तर

टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत ॲलन आणि फ्रिस्को ही दोन नावं हमखास असतात. अभ्यासाच्या बाबतीत दोन्हीकडच्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, त्यामुळे निर्णय घराची किंमत आणि ऑफिसचं अंतर यांवर होतो. पण मूल मनापासून खेळत असेल, तर आधी हायस्कुलं किती आहेत ते पाहा. ॲलनमध्ये एक आहे. फ्रिस्को शाळा-जिल्ह्यात, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या हद्दीत, बारा.

ॲलन वाढत गेलं, तरी तिथे दुसरं हायस्कूल निघालं नाही. नववी वेगळ्या इमारतीत आणि दहावी ते बारावी मुख्य शाळेत, अशी सोय केली. त्यामुळे सगळं गाव एकाच अमेरिकन फुटबॉल संघामागे उभं राहतं. मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि २०१२ मध्ये १८,००० आसनांचं, सुमारे ६ कोटी डॉलरचं स्टेडियम उभं राहिलं. काँक्रीटला तडे गेल्याने २०१४ मध्ये ते बंद करावं लागलं, तरी त्या हंगामातही संघ राज्यविजेता ठरला! कायलर मरे तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू होता. सुरुवातीपासून मैदानात उतरलेल्या ४२ सामन्यांपैकी एकही तो हरला नाही आणि २०१९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत पहिला आला. कुस्तीतही शाळेचा दबदबा आहे. शेकडो वादकांचा बँड तर स्वतंत्रपणे पाहण्यासारखा; फुटबॉल न खेळणाऱ्या मुलांना शुक्रवार रात्रीच्या फुटबॉल सामन्यांच्या गर्दीचा भाग व्हायचा तो उत्तम रस्ता.

अडचण साधी आहे. हजारो मुलांमागे बास्केटबॉलचा व्हर्सिटी, म्हणजे शाळेचा मुख्य संघ एकच, टेनिसचाही एकच. जेमतेम चांगलं खेळणाऱ्या मुलाला तिथे जागा मिळणं फार कठीण.

फ्रिस्कोने मुद्दाम उलटं केलं. शाळा साधारण दोन हजार मुलांपुरत्या ठेवायच्या आणि वस्ती वाढली की नवी काढायची. म्हणजे बारा कर्णधार, बारा व्हर्सिटी संघ. फुटबॉलमध्ये यातल्या एकाही शाळेला ॲलनसारखं वलय नाही, स्टेडियमही सगळ्या वाटून वापरतात. पण त्यांतलं एक म्हणजे डॅलस काउबॉईज या एनएफएल संघाच्या मुख्यालयातलं १२,००० आसनांचं बंदिस्त फोर्ड सेंटर! शाळेचं पोर तिथे खेळतं, हे मला फार मोठं वाटतं.

टेक्सासचे नियम दोन्हीकडे सारखेच. एखाद्या विषयात नापास झालं तर खेळणं काही आठवडे बंद. क्रिकेट आणि बॅडमिंटन यूआयएलच्या, म्हणजे राज्याच्या शालेय स्पर्धांत नाहीत. त्यासाठी बाहेरचे क्लब शोधावे लागतात, तेव्हा त्यावरून गाव ठरवू नका.

माझं मत स्पष्ट आहे. कुस्ती किंवा बँडचं वेड असेल, किंवा मूल खरोखर असामान्य असेल, तर ॲलन. टेनिस, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आवडीने खेळणाऱ्या, अजून घडत असलेल्या मुलासाठी फ्रिस्को. चौदा-पंधराव्या वर्षी बाकावर बसून टाळ्या वाजवण्यापेक्षा छोट्या संघात प्रत्यक्ष खेळणं मी कधीही निवडेन.

फक्त फ्रिस्कोत सही करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणतं हायस्कूल येतं, हे शाळा-जिल्ह्याकडूनच विचारून घ्या. नवी शाळा निघाली की हद्दी बदलतात. शिवाय खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं, तर व्हर्सिटीत खेळायला वर्षभर मनाई होऊ शकते.