खानियाच्या बंदरावर माशाच्या वजनात झालेली फसवणूक

अलीकडे ग्रीसला जाणारी आपली मंडळी अथेन्स आणि सान्तोरिनीच्या जोडीला क्रीट बेटही कार्यक्रमात घेऊ लागली आहेत, आणि क्रीटला गेल्यावर खानियाच्या जुन्या बंदरावर एक संध्याकाळ घालवल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही. त्या बंदरावरच्या एका खाणावळीत आमची फसवणूक झाली. ती कशी केली गेली हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यातली प्रत्येक पायरी आधीपासून बसवलेली होती आणि आम्ही तिथे असतानाच शेजारच्या टेबलावरही तीच वापरली जात होती. खाणावळीचे नाव मी लिहीत नाही. तिथे मालक आणि पाट्या बदलत असतात, पद्धत मात्र तीच राहते, आणि ओळखायची आहे ती पद्धत.

बंदर खरोखर सुंदर आहे. व्हेनिसच्या सत्तेच्या काळात बांधलेल्या धक्क्याच्या टोकाशी दीपस्तंभ आहे, १६४५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर घेतल्यानंतर उभारलेली घुमटांची मशीद पाण्याच्या अगदी काठाला आहे, आणि पलीकडे फिर्कास किल्ला आहे, जिथे १ डिसेंबर १९१३ रोजी क्रीट ग्रीसला जोडल्याचा ध्वज चढवला गेला. दिवसा लोक स्क्रिड्लोफ गल्लीत चामड्याच्या वस्तू पाहतात, काचेच्या तळाच्या बोटींतून थोदोरू बेटाकडे जातात आणि उन्हे उतरली की सगळे याच धक्क्यावर जमतात. पाण्याच्या कडेने टेबलांची सलग रांग लागलेली असते आणि जवळपास प्रत्येक दारापुढे गिऱ्हाइकाला हाक मारण्यासाठी एक माणूस उभा असतो. दिवसभर पायी फिरून भूक लागलेली असते, समोर सूर्यास्त असतो, आणि चांगली जागा पटकन पकडावी असे प्रत्येकाला वाटत असते. हा सगळा व्यवहार त्या घाईवर उभा आहे.

आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. दारावरच्या माणसाने दुरूनच ‘नमस्ते’ म्हटले, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि खडूने लिहिलेल्या एका काळ्या फळ्याकडे बोट दाखवले. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ताजा मासा’ आणि त्यापुढे ९.५० युरो असा आकडा होता. त्याच्या खाली, खडूची कड धरून काढावीत अशा बारीक अक्षरांत, ‘१०० ग्रॅम’ असे लिहिले होते आणि नेमका त्याच ओळीवर पुदिन्याच्या कुंडीचा आडोसा होता. ग्रीसमध्ये ताज्या माशाचा दर मेन्यूवर साधारणपणे किलोने लिहिलेला असतो. बेटांवर चांगल्या माशाला किलोमागे साठ, सत्तर किंवा त्याहून अधिक युरो पडतात, हे तिथे कोणी लपवत नाही. शंभर ग्रॅमचा दर मोठ्या अक्षरांत लिहिण्याचे कारण एकच, की येणाऱ्याला तो एका ताटलीचा दर वाटावा. फळ्यावरचा आकडा किलोला ९५ युरो होता, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने नऊ हजार रुपयांच्या आसपास.

आत शिरताच आम्हाला बर्फावर मांडलेल्या माशांपाशी नेले. आमचे घर मालवणचे, आणि दादा लहानपणापासून आईबरोबर लिलावाला जात आलेला, त्यामुळे माशाची पारख त्याला शिकवावी लागत नाही. त्याने एका गुलाबी लाल माशाचे कल्ले उचलून पाहिले, डोळे पाहिले, पोटावर बोट दाबले आणि तोच हवा म्हणून सांगितले. दिसायला तो आपल्या तांबोशीसारखा होता. तिथे त्याला फाग्री म्हणतात. वेटर म्हणाला, “हा किलोभर असेल, चौघांना पुरेल.” दादाने वजन करून दाखवायला सांगितले, तेव्हा काटा स्वयंपाकघरात आहे, तुम्ही बसा, मी आकडा आणून देतो असे उत्तर मिळाले. आकडा आलाच नाही. मासा परातीत घालून आत गेला आणि त्यानंतर तो अख्खा आम्हाला दिसला नाही.

टेबलावर बसल्याबरोबर कोणी न मागता ब्रेडची टोपली, तीन वाट्यांत दह्याची, वांग्याची आणि माशाच्या गाभोळीची चटणी, आणि झाकणे आधीच उघडलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आल्या. वेटरने त्या “आमच्या घरून” अशा थाटात ठेवल्या. क्रीटमध्ये पाहुण्याला काहीतरी स्वतःहून देण्याची खरी रीत आहे. जेवण झाल्यावर बहुतेक ठिकाणी राकीची, म्हणजे द्राक्षांपासून काढलेल्या तिथल्या कडक दारूची, छोटी बाटली आणि फळ किंवा गोड पदार्थ मोफत देतात. मला सर्वांत अधिक खटकले ते हे, की एका चांगल्या रीतीचा चेहरा लावून ती पैसे काढण्यासाठी वापरली गेली. मेन्यू आमच्या हातात मोजका वेळ राहिला. ऑर्डर घेताना वेटरने तो उचलून नेला, आणि माशांच्या पानावर दराच्या जागी फक्त ‘आजचा भाव’ असे लिहिलेले होते.

मासा आला तो तुकडे करून, डोके काढून आणि वर लिंबू घातलेले तेल ओतून. वहिनींनी पहिला घास घेताच काटाचमचा खाली ठेवला. ताज्या माशाचे मांस शिजल्यावर पाकळ्यांसारखे सुटते आणि त्याला एक घट्टपणा असतो. हे मांस स्पंजासारखे दबत होते आणि ताटलीत तेलाखाली पाणी सुटले होते. असे पाणी गोठवून पुन्हा सैल केलेला मासा सोडतो. दादाने डोके आणायला सांगितले. डोके टाकून दिले असे उत्तर आले. ज्या देशात माशाचे डोके चवीने खातात, तिथल्या खाणावळीत पाहुण्याने निवडलेल्या माशाचे डोके टाकून देतात हे पटण्यासारखे नव्हते. गोठवलेला पदार्थ असेल तर मेन्यूवर तसे नमूद करणे ग्रीसमध्ये बंधनकारक आहे, आणि बहुतेक ठिकाणी पदार्थाच्या नावापुढे फुली किंवा चांदणी काढून तळाशी खुलासा दिलेला असतो. पण जिथे माणसाने बर्फावरचा मासा स्वतः निवडलेला असतो, तिथे मेन्यूवरच्या चांदणीचा उपयोग राहत नाही.

बिल म्हणून आली ती एका वहीतून फाडलेली चिठ्ठी, ग्रीक अक्षरांत आणि हाताने लिहिलेली. मासा १.९ किलो, १८० युरो ५० सेंट. ब्रेड माणशी ३ युरो, म्हणजे १२. चटण्या २४, पाणी १०, सॅलड १४, वाइन १२. एकूण २५२ युरो ५० सेंट. मी मोबाइलवर एकेक ओळीचे भाषांतर करून घेतले तेव्हा कुठे हा हिशेब उलगडला. एरवी तळाच्या आकड्याखेरीज काहीच कळले नसते. बर्फावर ‘किलोभर’ असलेला मासा ताटलीत येईपर्यंत दुप्पट होत आला होता.

पुढचा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तिथे आम्हाला जो आधार मिळाला तो प्रत्येकाच्या हाताशी असतो. ग्रीसमधल्या खाणावळींच्या मेन्यूवर, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, ग्रीक आणि इंग्रजीत एक वाक्य छापलेले असते: अधिकृत पावती मिळाली नसेल तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही. त्याच्याच जवळ, तक्रारीचे छापील अर्ज दाराजवळ ठेवणे दुकानावर बंधनकारक आहे असेही लिहिलेले असते. दुसऱ्या खाणावळीत दुपारी जेवताना माझ्या पतींनी हे वाक्य वाचले होते. त्यांनी आवाज न चढवता मेन्यू परत मागितला, ते वाक्य वेटरला दाखवले आणि सांगितले, “यंत्रातून निघालेली पावती आणा, त्यावर माशाचे वजन असू द्या. पावती हातात आली की आम्ही लगेच पैसे देतो.”

वेटर निघून गेला आणि बराच वेळ कोणी आले नाही. मग व्यवस्थापक म्हणवणारे गृहस्थ आले. आधी त्यांनी यंत्र बिघडले असल्याचे सांगितले, नंतर रोख दिले तर दहा टक्के कमी करतो म्हणाले, आणि शेवटी आमच्यामुळे बाकीचे लोक खोळंबले आहेत असा आवाज केला. रोख रक्कम आणि सूट यांचा प्रस्ताव आला की समजावे, तिथे व्यवहाराची नोंदच नको आहे. वहिनींनी मोबाइलवर १५७१ हा क्रमांक लावून तो पडदा त्यांच्यापुढे धरला. हा ग्रीसच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक आहे. फोन जोडला जाण्याआधीच यंत्र दुरुस्त झाले. छापील पावतीवर मासा १.२ किलो होता, ब्रेड आणि चटण्या नव्हत्या, पाण्याची एकच बाटली होती, आणि एकूण रक्कम १४५ युरो होती. एका चिठ्ठीत आणि एका पावतीत १०७ युरो ५० सेंटचा फरक, म्हणजे दहा हजार रुपयांच्या घरातला.

यानंतरही एक प्रयत्न झालाच. कार्डाचे यंत्र आमच्याकडे वळवण्याआधी वेटरने त्यावर एक बटण दाबले आणि पडद्यावर युरोऐवजी रुपयांतली रक्कम दिसू लागली. आपल्या चलनात आकडा दिसला की दिलासा वाटतो, पण त्यात यंत्रामागची कंपनी स्वतःचा विनिमय दर लावते, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा सहसा बराच महाग पडतो. चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा असतो; दुकानदाराने तो परस्पर वापरायचा नसतो. माझ्या पतींनी पिन न घालता व्यवहार रद्द करायला लावला आणि युरोतच पुन्हा करून घेतला. युरोपात कुठेही, एटीएमसमोरसुद्धा, यंत्राने रुपयांबद्दल विचारले तर नकार द्यावा आणि स्थानिक चलन निवडावे.

दाराजवळच्या पेटीतला तक्रारीचा अर्ज आम्ही तिथेच भरला, चिठ्ठी आणि पावती या दोन्हींची छायाचित्रे काढली आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकांसाठी असलेल्या १५२० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिचे पुढे काय झाले हे अद्याप कळलेले नाही. गोठवलेल्या माशाला ताज्याचा दर लावला गेला, त्याची भरपाई मिळेल अशी मला आशा नाही, कारण पुरावा आम्ही खाल्ला होता आणि डोके आमच्याकडे नव्हते.

जुन्या बंदराच्या पश्चिमेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, नेआ खोरा नावाची वस्ती आणि तिची लहानशी चौपाटी आहे. मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला तिथे जायला सांगितले, आणि तिथे प्रामाणिक व्यवहार कसा दिसतो ते पाहायला मिळाले. खाणावळीच्या बाईंनी दादाने निवडलेला मासा आमच्यासमोरच काट्यावर ठेवला, रिकाम्या परातीचे वजन आधी शून्य करून दाखवले, किलोचा दर आणि होणारी रक्कम कागदावर लिहून तो कागद टेबलावर मिठाच्या भांड्याखाली ठेवला, आणि मग विचारले, “भाजू का?” मासा डोक्यासकट आला. ब्रेड हवा का असे त्यांनी आधी विचारले. शेवटी राकी आणि कलिंगडाच्या फोडी आल्या, आणि छापील पावतीवर त्यांची नोंद नव्हती. दर तिथेही काही स्वस्त नव्हता. किलोला ६५ युरो होता. पण तो आम्हाला मासा विस्तवावर जाण्याआधी माहीत होता.

मालवणला आई मासे वाट्याने घेत असे आणि मोठ्या सुरमईचे वजन समोर करून मागत असे. समोर काटा नसेल तर ती पुढच्या कोळणीकडे जाई. खानियात बंदराच्या कडेला बसायचेच असेल, आणि बसावे असे ते ठिकाण नक्कीच आहे, तर तिथे कॉफी किंवा थंड पेय घेऊन सूर्यास्त पाहावा आणि जेवायला आतल्या गल्ल्यांत, स्प्लान्ट्झियाच्या चौकाकडे किंवा नेआ खोराला जावे. बंदरावरच मासा खायचा असेल तर वजनाचा काटा दिसेपर्यंत खुर्चीवर बसू नये. दर किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा हे विचारून तो आकडा लिहून घ्यावा, निवडलेल्या माशाचे आणि मेन्यूच्या पानाचे छायाचित्र काढावे, आणि मासा डोक्यासकट आणायला सांगावे. न मागता आलेली टोपली हात लावण्याआधीच परत पाठवावी; आम्ही नेआ खोराला बसलो असताना शेजारच्या ग्रीक कुटुंबाने नको असलेला ब्रेड असाच परत केला आणि कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही.